मदत हवी आहे: घर जर्मनीत, नोकरी स्वित्झर्लंडमध्ये, पासपोर्ट भारतीय

नमस्कार मंडळी,

आम्ही २०१७पासून कॉन्स्टान्झला राहतो. मला क्रॉइत्सलिंगेनमध्ये नोकरी मिळते आहे. देश दुसरा, पण घरापासून सायकलने दहा मिनिटं. गल्लीतून चालता चालता देश बदलतो इतकी ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली आहेत.

परवान्याचं मी पाहून ठेवलंय. आपण युरोपीय संघाबाहेरचे, त्यामुळे जी परवान्यासाठी (शेजारच्या देशात राहून स्वित्झर्लंडमध्ये कामाला येणाऱ्यांचा परवाना) जर्मनीत कायम राहण्याचा हक्क आणि सीमाभागात किमान सहा महिने वास्तव्य लागतं. दोन्ही आहे. पगारही चांगला. मन अडतंय ते २०२०च्या आठवणीने.

त्या वर्षी १६ मार्चला सीमा बंद झाली. तळ्याकाठी आम्ही रोज फिरायचो त्या हिरवळीवर कुंपण आलं. लोक जाळीतून हात धरायला लागले, तेव्हा थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण घातलं. शेजारच्या आजी खुर्ची घेऊन जायच्या आणि पलीकडे उभ्या लेकीशी मोठमोठ्याने बोलायच्या. वाटा पूर्ण मोकळ्या झाल्या १५ जूनला. कामावर जाणाऱ्यांना परवाना बघून सोडत होते हे खरं, पण मोजक्याच नाक्यांवरून.

तेव्हा मूल नव्हतं. आता मुलगा पाच वर्षांचा आहे आणि नवरा आठवड्यातले तीन दिवस श्टुटगार्टला असतो. बालवाडीतून फोन आला तर धावायचं मलाच.

जर्मनीने सप्टेंबर २०२४पासून सगळ्याच भूसीमांवर तपासणी ठेवली आहे (स्विस सीमेवर त्याआधीपासूनच). गेल्या महिन्यात परत येताना माझं जर्मनीतल्या वास्तव्याचं कार्ड घरी राहिलं होतं. बाकीचे पुढे गेले, मला बाजूला घेतलं. वीस मिनिटांत सुटले, पण मुलगा सोबत होता. घरी पोचेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

बाझल, जिनिव्हा किंवा इकडे भारतीय पासपोर्टवर रोज ये-जा करणारं कोणी आहे का? २०२०मध्ये तुम्हाला परवान्याबरोबर कंपनीचं पत्रही दाखवावं लागलं का? मुलाला आणायला मधेच परतावं लागलं तर सोडायचे का? दुसरं म्हणजे, नोकरी गेली तर जर्मन सहकाऱ्यांना बेकारभत्ता राहत्या देशातून मिळतो. भारतीय नागरिकाला तो मिळाल्याचा अनुभव कोणाला आहे? आरोग्य विमा कुठल्या देशाचा घेतलात, तेही सांगा. निवडायला तीनच महिने असतात.

कंपनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्यायला तयार आहे. सीमा बंद झाल्यास पूर्णवेळ घरून, असं करारात कोणी लिहून घेतलं असेल तर त्यातला मजकूर कळवाल का? मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.