विषय: भाच्याला लायटिंगमध्येच जायचंय, पैसा आहे का यात?

लातूरची मावशी, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार. दिवाळी पहाटेच्या मेलांच्या गर्दीत हरवू नये म्हणून वेगळा विषय काढलाय.

माझ्या बहिणीचा मुलगा लातूरला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात कमी, मंडपात जास्त. लग्न, गॅदरिंग, गणपती, जिथे ट्रस (दिवे टांगायचा सांगाडा) उभा राहील तिथे हा हजर. आता म्हणतोय, डिप्लोमा राहू दे, ६ लाखांचं कर्ज काढून आठ शार्पी (फिरत्या झोताचे दिवे) आणि ते चालवायचा एक कन्सोल घेतो. दाजी वैतागलेत. "अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, अन् आमचं इथं राहून दिवे लावतंय."

त्याचा मला प्रश्न : "मावशी, तिकडं लायटिंग डिझायनरला किती पगार असतो?" लिस्टवर कुणी या धंद्यात आहे का? कर्जाला मी जामीन राहावं, असंही आडून आडून कानावर आलंय.

मंडळाचा माजी खजिनदार, शिकागो

मावशी, मी इमारतींच्या लायटिंगचं काम करतो, म्हणून लिहितो. आमची मुळं परभणीची, त्यामुळे दाजींचा सूर ओळखीचा वाटला.

नाटकातला डिझायनर इथे सहसा पगारी नसतो. दर नाटकामागे फी, तीही हप्त्यांनी : करार झाला की थोडी, नकाशे दिले की थोडी, नाटक उघडलं की उरलेली. ब्रॉडवेवर नाटक चाललं तर वर रॉयल्टी. तिथवर पोचणारे मोजके. बाकीचे एका गावातून दुसऱ्या गावात नाटकं करत फिरतात आणि विद्यापीठात शिकवून घर चालवतात. युनायटेड सीनिक आर्टिस्ट्स, लोकल ८२९ ही त्यांची युनियन. गंमत म्हणजे कन्सोल चालवणारा प्रोग्रामर किंवा युनियनचा स्टेजहँड पुष्कळदा डिझायनरपेक्षा नियमित कमावतो. पोस्टरवर नाव नसतं एवढंच. भाच्याचा हात कन्सोलवर खरंच बसला असेल, तर हा रस्ता हलका समजू नका.

इमारतींचं काम म्हणजे सरळ नोकरी. हॉस्पिटल, ऑफिस, विमानतळ, हॉटेल. माझ्या पाहण्यात नव्या मुलाला वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास सुरुवात होते. हा आकडा रुपयांत गुणून दाजींना सांगू नका, शिकागोचं भाडंही त्याच डॉलरमध्ये भरायचं असतं. पुढे एलसी या लायटिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा, मग सीनियर, प्रोजेक्ट सांभाळणं, कुणी कुणी स्वतःची फर्म. आयएएलडी ही लायटिंग डिझायनरांची १९६९ पासूनची व्यावसायिक संघटना. तिचा व्यावसायिक सभासद व्हायचं तर दिवे विकून कमाई करता येत नाही, फक्त सल्ल्याची फी. भारतात नेमकं उलट दिसतं : कंपनीचा माणूस डिझाइन फुकट करून देतो आणि दिव्यांच्या किमतीत वसूल करतो. त्यामुळे कागदावरच्या कामाचे पैसे मागायला तिथे जीभ रेटत नाही.

बाहेर शिकायचं तर न्यूयॉर्कचं पार्सन्स, स्टॉकहोमचं केटीएच, लंडनचं बार्टलेट, जर्मनीत विस्मार. हे सगळे मास्टर्सचे अभ्यासक्रम, नुसत्या डिप्लोमावर कुणी दारात उभं करणार नाही. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तो सोडला तर हा सगळा परिच्छेदच बाद.

बे एरियाचे काका

आमच्या मंडळाच्या नाटकाला लाइटवाला मागेल ते द्यायला मी तयार आहे, फक्त त्याने नायकाचं तोंड उजेडात ठेवावं. गेल्या वेळी संपूर्ण दुसरा अंक नुसता आवाजावर ओळखावा लागला.

संभाजीनगरची ताई (पूर्वी डेट्रॉइट)

मी परत आले तरी मला लिस्टवरून काढलं नाहीत, त्याचा आज उपयोग. इथे मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते आणि पोट हॉटेलं-बंगल्यांच्या कामांवर भरते. पैशाचं गणित त्यातच आलं.

मावशी, भाच्याला कागद-पेन घेऊन बसवा. ६ लाख, १२ टक्के, तीन वर्षं : हप्ता महिन्याला सुमारे २० हजार. आमच्याकडच्या भावाने एका शार्पीचे रात्रीला ८०० धरले तर आठांचे ६,४००. त्यातून टेम्पो, दोन पोरांची हजेरी, जेवण आणि मंडपवाल्याचं कमिशन गेलं की हातात साडेतीन हजार राहतील. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी दर महिन्याला सहा रात्री हव्यात. तुळशीचं लग्न लागलं की त्या मिळतील. जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग उन्हाळ्याची लगीनसराई. आषाढी ते कार्तिकी काय करणार? गणपती आणि नवरात्र मध्ये येतात, पण तेव्हा मंडळांची पोरं ओळखीवर भाव पाडतात आणि राहिलेले पैसे दिवाळीनंतर देतो म्हणतात. बँक दिवाळीपर्यंत थांबत नाही.

शिवाय शार्पी म्हणून आपल्याकडे जे फिरतं ते बहुतेक चिनी, ७आर जातीच्या २३० वॉट दिव्याचं. दिवा साधारण २,००० तासांचा. रंगमंचावरच्या धुळीत आणि मंगल कार्यालयाच्या व्होल्टेजमध्ये तेवढाही टिकेल याचा भरवसा नको. दोन वर्षांत शेजारच्याकडे नवीन एलईडीचा माल येतो आणि नवरीकडचे विचारतात, "तसलं नाही का तुमच्याकडं?"

उजेड पाडायला माल लागतोच, पण फी मिळते ती डोक्याची. बंगाली रंगभूमीचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ च्या 'अंगार'मध्ये खाणीत पाणी भरत जातानाचा प्रसंग मुख्यतः प्रकाशाने उभा केला, तेव्हा कुठला आलाय असला फिरता दिवा! राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली आहे. तिच्यात प्रकाशयोजनेला वेगळं बक्षीस असतं. त्याने जवळच्या केंद्रावर जाऊन रोज एक नाटक बघावं आणि एखाद्या संस्थेत फुकट का होईना, प्लॉट (दिव्यांच्या मांडणीचा नकाशा) काढून द्यावा. बक्षिसाची रक्कम किरकोळ, पण त्यावर पुढची कामं येतात. नाटकातच राहायचं असेल तर आमच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि पुढे दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय). तिथे पदवी आणि प्रत्यक्ष नाटकांतला अनुभव दोन्ही लागतात, शिकताना शिष्यवृत्ती मिळते. एवढं करून मराठी व्यावसायिक नाटकावरच घर चालवेन म्हणाला, तर मी त्याला आधी मुंबईचं भाडं विचारेन.

शिकायला पैसे फारसे लागत नाहीत. ग्रँडएमए या कन्सोलचं ऑनपीसी सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, घरी बसून शो प्रोग्राम करता येतो. कन्सोलकडून दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या डीएमएक्सच्या एका युनिव्हर्समध्ये (एका जोडणीत) ५१२ चॅनेल असतात. आपल्या सोळा चॅनेलच्या शार्पी त्यात किती बसतात, हे तरी त्याने स्वतः काढावं. इमारतींसाठी डायलक्स हे उजेडाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. पुण्या-मुंबईच्या सल्लागार फर्ममध्ये नव्या मुलाला २५ ते ३५ हजारांवर घेतल्याचं मी पाहिलंय, पण ऑटोकॅड आणि लक्सचं (उजेड मोजायच्या एककाचं) गणित येत असेल तर. एकदा अजिंठ्याला जाऊन या म्हणावं. इतक्या नाजूक रंगांवर संग्रहालयातही साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. तेवढ्यात चित्र दिसवणं ही खरी परीक्षा.

नांदेडकर, टोरांटो

ताई, गणित मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. माझा चुलतभाऊ नांदेडला माल भाड्याने देऊनच उभा राहिलाय, बंगला बांधला. फरक इतकाच की मंडप त्याचा, जनरेटर त्याचा, टेम्पोही त्याचाच. कमिशन द्यावं लागत नाही आणि लाइट तो वेगळा विकत नाही, पॅकेजमध्ये घालतो. नुसत्या आठ शार्पी घेऊन उतरलेली पोरं शेवटी त्याच्याकडेच ऑपरेटर म्हणून येतात. त्यांचा मालही तोच विकत घेतो, सेकंडहँड.

लातूरची मावशी, न्यू जर्सी

सगळ्यांचे आभार. नांदेडकर, तुमचं शेवटचं वाक्य भाच्याला जसंच्या तसं पाठवलं. बराच वेळ निळी खूण झाली, उत्तर नाही. मग फोन आला : "मावशी, सेकंडहँड कितीला देतो तो?" हाडाचा लातूरकर आहे.

जामीन राहत नाही, हे दाजींना कळवलंय. ते माझ्यावर खूष आणि बहीण नाराज. लॅपटॉपचे पैसे मी देणार आहे, पण डिप्लोमाचा निकाल दाखवल्यावर. तोवर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आमच्या बहिणीच्या घराच्या हॉलचं डायलक्स करून दाखव म्हणाले. तिथे सध्या एक ट्यूबलाइट आहे आणि तीही फडफडते.

ताई, तुम्ही त्याचा प्लॉट बघून द्याल का? नंबर लिस्टवर नको, मला वेगळी मेल टाका. आणि फी किती तेही लिहा, फुकट नको.