मदत हवी आहे: सुलावेसीच्या राइसफिशचं कोडं

मंडळी, पुतणीच्या प्रोजेक्टपायी मीच अडकलोय. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गोड्या पाण्यात राइसफिश नावाचे मासे आहेत, बरेचसे बोटभर, पण एकट्या पोसो तलावातच त्यांच्या कितीतरी जाती, एकीची मादी तर पिल्लं निघेपर्यंत अंड्यांचा घोस पोटाखालच्या परांत धरून फिरते! आता बेट म्हटलं की चहूकडे खारं पाणी, मग हे तिथे पोचले कसे? यांचे काही भाऊबंद खाडीत राहतात, मुंबईकडचा १९४० साली नोंदवलेला होराइक्थिस सेटनाय हा मासा त्यातलाच, म्हणजे समुद्रातूनच आले असतील का? आणि एकाच तलावात मधे ना डोंगर ना भिंत, तरी जाती वेगळ्या कशा पडतात, खोलीमुळे की खाण्यामुळे? कुणी सोप्या मराठीत सांगा ना, सोमवारी सबमिट करायचंय 🙏