फेरी दाखवायला नसते
उड्डाणाआधी पायलट टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारतो ते नुसतं दाखवायला, असं काहीजण म्हणतात, तसं नाहीये हो. १९९६ चं पेरूतल्या लिमाचं एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ विमान घ्या, विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छोटी भोकं, त्यावरून उंची नि वेग कळतो) लावलेली टेप काढायची राहिली, टेपचा रंग विमानाच्या पत्र्यासारखाच, त्यात रात्र, पायलटलाही दिसली नाही, वर गेल्यावर उंची नि वेग दोन्ही चुकीचे दिसायला लागले आणि ७० माणसं गेली. आणि फेरीत सगळं सापडतंच असंही नाही बरं का, २००१ ला फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या एअरबस ए३२० विमानाची कॅप्टनची साइडस्टिक (विमान वळवायची दांडी) दुरुस्तीत उलटी जोडली गेलेली, म्हणजे डावीकडे ढकलली की विमान उजवीकडे कलणार, उड्डाणाआधीच्या चेकला पंखावरचे भाग हलले एवढंच बघितलं, कुठल्या बाजूला ते नाही! नशीब, को-पायलटची स्टिक नीट होती.