मुलाचं बीपी १३२/८४ आलं, आता पुढे काय? मदत हवी आहे

मुलगा १४ वर्षांचा. सर्दीसाठी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सहज बीपी बघितलं तर १३२/८४. थोड्या वेळाने परत घेतलं, १२८/७८. त्याला काहीच त्रास नाही, धडधड मलाच सुरू झाली!

वाचून एवढं कळलं: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या शिफारशीनुसार ३ वर्षांपासून दरवर्षी बीपी बघावं. वय १३ किंवा त्याहून जास्त असेल तर १३०/८० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. त्याहून लहानांचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात बघतात. वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त आल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. (तिथल्याच दुसऱ्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. घ्या!)

माझी खरी शंका पट्ट्याची, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात त्याची. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की आकडा उगाच वर जातो, आणि याला लावलेला पट्टा मला आखूडच वाटला. घरी मोजायचं तर दंडाचा घेर बघून पट्टा कसा निवडलात? कुणाच्या मुलाला २४ तासांचं बीपी यंत्र लावलं होतं का? ते लावून रात्री झोप लागते का? पुढची भेट दोन आठवड्यांनी आहे.