‘यंत्रमानव’, ‘रोबो’ की आणखी काही? कलाविषयक लेखाच्या अनुवादातील अडचण

ओवी :
सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांनी 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी केलेल्या एका कलाकृतीवरील लेखाचा मी अनुवाद करत आहे. पारदर्शक भिंतींच्या आत कुका कंपनीचा, कारखान्यात वापरतात तसा एक अजस्र लोखंडी बाहू आहे. जमिनीवर रक्तासारखा दाट लाल द्रव पसरत राहतो आणि ठरलेल्या सीमेबाहेर तो जाऊ लागला की हा बाहू वळून तो आत ओढून घेतो. मधूनच तो खाज सुटल्यासारखा अंग घासतो, लवून अभिवादन करतो. अशा 32 हालचाली त्याला शिकवलेल्या आहेत. संपादकांचा आग्रह ‘औद्योगिक यंत्रमानव’ या शब्दाचा आहे. परंतु त्याला ना डोके, ना पाय. त्याच्यात माणूस दिसू लागतो तो पाहणाऱ्याला, आणि तेच या कलाकृतीचे सामर्थ्य आहे. शब्दानेच ‘मानव’ आधी सांगून टाकला तर वाचकाला शोधायला काय उरते?

शब्दवेध :
संपादकांचे म्हणणे मला योग्य वाटते. ‘यंत्रमानव’ हा शब्द मुलांच्या मासिकांपासून वृत्तपत्रांपर्यंत रुळलेला आहे, तो विभक्तिप्रत्यय सहज घेतो आणि ऐकताक्षणी कळतो. समासातील प्रत्येक पद शब्दशः खरे असलेच पाहिजे, असा नियम मराठीत कधीही नव्हता. ‘अग्निबाण’ म्हणताना आपण धनुष्य शोधत नाही.

चाकणकर :
मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगच्या लाइनवर काम करतो. आमच्याकडे ‘यंत्रमानव’ हा शब्द मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. सगळे ‘रोबो’च म्हणतात. मात्र क्रियापद पाहा. आम्ही रोबोला पॉइंट, म्हणजे हात कोठे न्यायचा त्या जागा, ‘शिकवतो’. लेथला किंवा प्रेसला कोणी काही शिकवत नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतील त्राल्फा या कंपनीने ढकलगाड्यांना रंग फवारण्यासाठी रोबो तयार केला, तेव्हा कसबी रंगाऱ्याने त्याचा हात धरून एकदा फवारणी करून दाखवायची आणि यंत्राने ती हालचाल जशीच्या तशी नोंदवून ठेवायची, अशी पद्धत होती. त्या यंत्रात रंगाऱ्याचे मनगट साठवलेले होते, असे मी म्हणेन.

दूर्वांकुर :
मूळ शब्दाचा इतिहास येथे टाळता येणार नाही. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे चेक नाटक 1920 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1921 मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले. ‘रोबोट’ हे नाव सुचवले ते त्यांचे बंधू, चित्रकार योसेफ चापेक यांनी, आणि कारेल यांच्या आठवणीप्रमाणे त्या वेळी योसेफ यांच्या तोंडात कुंचला होता. म्हणजे हा शब्द चित्रकाराकडून नाटककाराकडे, तेथून कारखान्यात आणि आता पुन्हा कलादालनात आलेला आहे. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करायची सक्तीची मेहनत, ज्याला आपल्याकडे नेमका ‘वेठ’ हा शब्द आहे. शिवाय नाटकातील रोबोट लोखंडाचे नाहीतच. ते रासायनिक प्रक्रियेतून घडवलेले मांसल देह आहेत. तेव्हा ‘यंत्रमानव’ मुळाशी ‘यंत्र’ म्हणून चुकतो आणि ओवी यांनी सांगितलेल्या कलाकृतीपाशी ‘मानव’ म्हणून चुकतो. सतत द्रव ओढत राहणाऱ्या त्या बाहूला ‘वेठ्या’ म्हणावे, असे मी सुचवते.

शब्दवेध :
याला माझा ठाम विरोध आहे. वेठीला धरलेल्या माणसांच्या पिढ्या आपल्याच गावांत होऊन गेल्या आणि त्यांची नातवंडे आज हयात आहेत. त्यांच्या हालअपेष्टांची साक्ष असलेला शब्द यंत्राला देऊन टाकणे मला अन्यायाचे वाटते.

सोलापुरी :
माझे वडील चादरींच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, पुठ्ठ्याची कार्डे पंच करत असत. आधी आलेख-कागदावर नक्षी चौकटीचौकटीने भरायची, मग त्याप्रमाणे कार्डाला भोके पाडायची. भोक असेल तर ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. चाकणकर ज्याला मनगट म्हणतात ते आमच्याकडे पुठ्ठ्यात साठवलेले होते. जकार्डच्या पूर्वजांपैकी एक फ्रान्सचा व्होकांसाँ होय. त्याने 1738 मध्ये बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा पॅरिसमध्ये दाखवला. पुढे तो रेशीमउद्योगाचा सरकारी निरीक्षक झाला आणि 1745च्या सुमारास त्याने स्वयंचलित माग रचला. करमणुकीसाठी केलेली कारागिरी थेट कारखान्यात शिरली. पण शब्दाचे म्हणाल तर, विणकराचे काम यंत्राकडे गेले तेव्हा आपण त्याला ‘यंत्रविणकर’ म्हटले नाही, ‘यंत्रमाग’ म्हटले. हत्याराचे नाव ठेवले, माणसाचे नव्हे. त्याच न्यायाने ‘यंत्रबाहू’ का नको?

मूलशोध :
आपण सारे यंत्र आणि कला यांना दोन टोके मानून बोलत आहोत, हेच मला खटकते. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘यंत्रमातृका’, म्हणजे यंत्रे रचण्याची कला, आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापलेल्या ‘कलाभवना’त रंगाई आणि यंत्रविद्या शिकवली जात असे. ‘कळ दाबणे’ यातील ‘कळ’देखील माझ्या मते ‘कला’चेच रूप आहे, हिंदीतील ‘कल-कारखाना’ पाहावा. यंत्र चालते ते कळीने आणि चित्र उतरते ते कलेने, पण शब्दाचे मूळ एकच. म्हणून ‘कळबाहू’ अधिक देशी ठरेल.

दूर्वांकुर :
व्युत्पत्ती मान्य केली तरी ‘कळ’ म्हटले की ‘कळसूत्री बाहुली’ आठवते आणि तिच्यामागे दोरी ओढणारा माणूस असतो. त्या कलाकृतीतील बाहू कॅमेऱ्यांच्या साहाय्याने द्रव कोठवर गेला आहे हे स्वतः हेरतो. दोरी नसणे हाच तर तिचा आशय आहे.

चाकणकर :
दोरी आहे, फक्त ती आधी ओढून ठेवलेली आहे. 32 हालचाली कोणीतरी बसून लिहिल्या आहेत.

ओवी :
‘यंत्रबाहू’ मला पटू लागला आहे, परंतु लिहायला बसले तेव्हा वेगळीच अडचण दिसली. ‘यंत्र’ लिहिले की पुढील सर्व वाक्यांत ‘ते’ येते, आणि ‘रोबो’ वा ‘बाहू’ लिहिले की ‘तो’. ‘तो लवून अभिवादन करतो’ आणि ‘ते लवून अभिवादन करते’ या दोन वाक्यांत कलाकृतीच बदलते. कारखान्यात काय म्हणतात?

चाकणकर :
मशीन ‘ते’, रोबो ‘तो’. थांबला की ‘तो रुसला’ असेही म्हणतात. प्रेसच्या वाट्याला रुसणे येत नाही.

शब्दवेध :
व्याकरणातील लिंगावरून इतके मोठे निष्कर्ष काढू नयेत. दगड ‘तो’ असतो आणि मूल ‘ते’ असते. ‘यंत्रमानव’ही ‘तो’च आहे, मग त्यालाच नकार का?

मूलशोध :
‘कळ’ स्त्रीलिंगी आहे, याकडे कोणी लक्ष दिलेले नाही. जुन्या छापखान्यांत किंवा गिरण्यांत काम केलेल्या कोणाला ‘कळ’ हा शब्द संपूर्ण यंत्रासाठी वापरलेला आठवतो का? तसा वापर सापडला तर हा विषय निराळ्या रीतीने मांडता येईल.