पॉइन्सेटिया: नव्याची पानं गळतायत, जुनं लाल होत नाही, आणि नाताळात घर बंद

कुंडीभर
पुणे, तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. दोन पॉइन्सेटिया आहेत.

एक नवीन, सहा इंची कुंडीतलं, नर्सरीतून आणलेलं. वरची पानं छान लाल आहेत, पण खालची हिरवी पानं पिवळी पडून रोज तीन-चार गळतात. माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं. चकचकीत कागद अजून कुंडीला तसाच आहे.

दुसरं गेल्या नाताळातलं, आता दहा इंची कुंडीत. तीन फूट उंच, हिरवंगार, पण अर्धा डिसेंबर गेला तरी लाल पान एकही नाही. रोज चौदा तास काळ्या पिशवीत झाकायचं असं वाचलं. खरंच करावं लागतं का?

२४ डिसेंबर ते २ जानेवारी घर बंद असेल, शेजारीही नाहीत. या दोघांखेरीज शेवंती, मोगरा आणि दोन गुलाब आहेत.

खुरपं
आधी नवीन झाडाचं, कारण त्याला वेळ कमी आहे. माती ओली आणि झाड मलूल, म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीयेत. तो कागद आजच काढा. निथरलेलं पाणी त्यात साठतं आणि मुळं चोवीस तास त्यातच बुडालेली राहतात.

मग कुंडी आडवी धरून झाड गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी, टणक असतील तर फक्त पाणी जास्त झालंय. गोळा वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार तास ठेवून परत बसवा. मुळं तपकिरी असतील तर एखादं चिमटीत धरून ओढून पाहा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि नव्या मिश्रणात लावा: ४ भाग माती, ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग गांडूळखत, १ भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके दाणे). कुंडी मोठी घेऊ नका, तीच किंवा एक इंच लहान. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस टिकते आणि कूज पुन्हा सुरू होते. अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर लाल पानांचा मोह सोडून फांद्या निम्म्यावर छाटा; उरलेली मुळं एवढा भार पेलणार नाहीत.

मुळं चांगली निघाली तर आत्ता कुंडी बदलू नका. रंगात असताना मुळं दुखावली की उरलेली पानंही गळतात.

पाणी कुंडी उचलून ठरवा. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. हलकी लागली की खालून निथरेपर्यंत घाला आणि ताटलीतलं पाणी ओतून टाका. पुण्याच्या डिसेंबरात सहा इंची कुंडीला हे तीन-चार दिवसांनी येतं. उलट चूकही होते: कोकोपीट इतकं वाळतं की कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी कडेनंच वाहून जातं. तेव्हा कुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवायची.

सध्या खत काहीही नको.

अबोली
जुन्या झाडाबद्दल: रात्री गॅलरीत उजेड असतो का? घरातला, रस्त्याचा, समोरच्या इमारतीचा, कुठलाही.

कुंडीभर
कागद काढला, आत दोन बोटं पाणी होतं. मुळं बहुतेक पांढरी आहेत. आणि हो, रस्त्याचा दिवा बरोबर समोर आहे, रात्रभर चालू.

अबोली
मग कारण सापडलं.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. ग्वेरेरो राज्यातल्या टास्कोच्या परिसरात डोंगरउतारांवर ते रानटी वाढतं, आणि टास्को पुण्यासारखंच साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे त्याला लागते तेवढी मोठी रात्र आपल्याकडे आयतीच मिळते. रात्र साधारण बारा तासांच्या वर गेली की, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून, शेंड्यात कळ्या धरतात आणि आठ-दहा आठवड्यांत वरची पानं रंगतात. लाल असतात ती पानंच. फुलं म्हणजे मधले पिवळे बारके गोंडे. चौदा तास झाकायचा सल्ला दिवे लावलेल्या घरात वाढणाऱ्या झाडांसाठी आहे.

पण रात्र अखंड हवी. मध्ये थोडा वेळ उजेड पडला तरी झाड ती लहान रात्र समजतं. रात्री दहा वाजता पानावर हात धरून पाहा. हाताची सावली उमटली तर तेवढा उजेड रंग अडवायला पुरतो.

काळी पिशवी नकोच. आत दमट होतं, बुरशी येते, शिवाय ऊब कोंडते. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं तरी कळ्या धरायला उशीर होतो; मुंबई-गोव्याकडे झाड पुण्यापेक्षा मागाहून रंगण्याचं हेही एक कारण. झाकायचंच तर पुठ्ठ्याचं खोकं, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. तुमचं झाड तीन फुटी आहे, तेव्हा सरळ दिव्याच्या आड, भिंतीमागे हलवा. दिवसा मात्र चार-पाच तास ऊन मिळालं पाहिजे, नाहीतर रंग फिका येतो.

हा नाताळ हुकला, पण वर्ष वाया गेलं नाही. मार्चच्या मध्यापर्यंत रात्री पुरेशा मोठ्या आहेत. आत्ता हलवलंत तर फेब्रुवारीअखेर लाल होईल. रंग उतरला की एप्रिलमध्ये जमिनीपासून सहा इंचांवर छाटा, जूनमध्ये नवी माती द्या, ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहा. सप्टेंबरनंतर कात्री लावलीत तर पुढचाही रंग जाईल. नर्सरीत वाढ रोखणारी औषधं देऊन झाड बुटकं ठेवतात, म्हणून घरी दुसऱ्या वर्षी ते असं सुसाट वाढतं. खुडणं त्यासाठीच.

पाटपाणी
सुट्टीतल्या पाण्याचं सांगतो. बाटली उलटी खोचण्याचा उपाय सगळीकडे सांगतात, तो करू नका. कोकोपीटच्या भुसभुशीत मातीत लिटरभर पाणी काही तासांत उतरतं आणि पुढचे आठ दिवस कोरडे जातात. पॉइन्सेटियाला तर दोन्हीकडून त्रास.

वात लावा. जाड सुती नाडा घ्या, नायलॉनचा चालत नाही. नवीन नाड्याला खळ असते, ती पाणी चढू देत नाही; चिमूटभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि धुवा. एक टोक मातीत तीन-चार इंच खोल, दुसरं बादलीच्या तळाशी दगड बांधून. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीपेक्षा थोडं खाली हवं. वर ठेवलंत तर माती भिजल्यावरही पाणी वाहतच राहतं. बादलीवर झाकण किंवा जाळी टाका, डास होतात.

दहा इंची कुंडीला दोन वाती, सहा इंचीला एक. निघायच्या दोन दिवस आधी जोडून पाहा, म्हणजे कुठली वात ओढत नाही ते कळेल. कुंड्या भिंतीलगत, दुपारचं ऊन चुकवून, एकमेकींना खेटून ठेवा.

शेवंती फुलावर असताना सर्वांत जास्त पाणी पिते, तिला दोन वाती. गुलाबाची उमललेली फुलं आणि टपोऱ्या कळ्या कापून घरात ठेवा. मोगऱ्याला काहीच करू नका. कुंडी बारा इंची असेल तर आदल्या दिवशी एकदा भरपूर पाणी पुरे. त्याला या दिवसांत ताण द्यायचाच असतो.

निफाडकर
थंडीचं राहिलं. पॉइन्सेटियाला रात्री १० अंशांच्या खालचं मानवत नाही, पानं एका रात्रीत लोळतात. आमच्याकडे लाट आली की पारा ५-६ वर जातो, तेव्हा झाड संध्याकाळी आत घ्यावंच लागतं. पुण्यात भिंतीचा आडोसा बहुतेक पुरतो. नवीन झाड जाताना घरात ठेवणार असाल तर खिडकीशी ठेवा आणि शेजारी पिकलेली केळी नकोत. त्यांच्या वायूनं पानं गळतात.

पानांच्या पाठी पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि १ मिली पातळ साबण, संध्याकाळी, फक्त हिरव्या पानांच्या खालून. लाल पानांवर पडलं तर डाग राहतात.

कुंडीभर
सगळ्यांचे आभार. घरात मांजर आहे, चीक विषारी असतो का?

खुरपं
लोक घाबरवतात तेवढा नाही. मांजरानं पान चावलं तर लाळ गळेल, एखादी उलटी होईल. पण चीक कातडीला लागून खाज येते, म्हणून एप्रिलच्या छाटणीला हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. कापलेल्या टोकावर कोमट पाणी शिंपडलं की चीक थांबतो.