मॉडेल आलं म्हणून साइटवरचा कागद बंद?

साइटवाला:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "कागदी ड्रॉइंग म्हणजे वेळेचा अपव्यय. इमारतीचं कॉम्प्युटरवर त्रिमितीय मॉडेल असताना साइटवर कागद दिसताच कामा नये." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. स्लॅबवर सळई बांधणाऱ्या फिटरचे दोन्ही हात कामात असतात. भर उन्हात टॅब्लेटवर काही दिसत नाही. त्याला एक पान लागतं: बीमचा सेक्शन, सळईचा व्यास, रिंगांमधलं अंतर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर). त्या पानावर काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं असतं. मॉडेलमध्ये सगळंच असतं, त्यामुळे हवं ते शोधत बसावं लागतं.

तुळई:
पान हवं, मान्य. पण ते येतं कुठून? हाताने काढायचो तेव्हा एक खिडकी सरकली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, शेड्यूलचा तक्ता, सगळीकडे आठवणीने बदल करायचा. ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडून! एक शीट राहून गेलं की साइटवर भांडण ठरलेलं. मॉडेलमध्ये खिडकी एकदाच असते, शीट्स तिच्यातूनच निघतात. आणि हवेचा डक्ट बीमला आडवा येतोय हे स्लॅब भरल्यावर कळलेलं चालतं का तुम्हाला?

साइटवाला:
मॉडेलमध्ये काय कशाला आडवं येतंय ते सांगणाऱ्या क्लॅश रिपोर्टचं कौतुक मला सांगू नका. आमच्या एका कामात रिपोर्ट अगदी स्वच्छ होता. थंड पाण्याचा पाइप टांगला, वर ५० मिमी इन्सुलेशन चढवायला गेलो तर शेजारच्या केबल ट्रेमुळे जागाच नाही. मॉडेलमध्ये पाइप होता, इन्सुलेशन कुणी घातलंच नव्हतं. व्हॉल्व्ह फिरवायला हात कुठून जाणार, याचा तर विचारच नाही. पाइप उतरवून पुन्हा टांगला. ऑफिसातलं कुणी बघायलाही फिरकलं नाही.

तुळई:
मग हा दोष मॉडेलचा की ते अर्धवट करणाऱ्याचा? कागदावर तर तो पाइप नुसती एक रेघ असता!

जुनी_फाइल:
तुमचं चालू द्या, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. रेव्हिट या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची फाइल नव्या आवृत्तीत सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही. २०१६ मध्ये ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने कायमचे परवाने विकणं बंद केलं, म्हणजे स्वतःचंच काम उघडायला दरवर्षी पैसे भरा. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने काय उघडायचं? ट्रेसिंग आजही टेबलावर पसरून वाचता येतं.

नवा_आराखडा:
त्यासाठीच आयएफसी हा खुला फाइल प्रकार आहे. २०१३ पासून आयएसओ १६७३९ म्हणून मानक आहे, कुठल्याही एका कंपनीचं नाही.

जुनी_फाइल:
आयएफसी उघडतं हो, पण उघडून बघितलंय का कधी? भिंत सरकवा, दरवाजा तिच्याबरोबर येतोच असं नाही. आकार आणि माहिती पोचते, मॉडेलमागची समज वाटेत गळते. एअरबस ए३८० आठवा. हॅम्बुर्ग आणि तुलूझमध्ये कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, आणि विमानात वायरी आखूड पडल्या. एकाच कंपनीत ही गत, तर आपल्याकडे प्रत्येक सल्लागाराचं सॉफ्टवेअर निराळं.

नवा_आराखडा:
म्हणून काय पुन्हा ड्रॉइंग बोर्डावर बसायचं? ट्रेसिंगलाही वाळवी लागते. गोदामात भिजून लगदा झालेले नकाशे मी स्वतः उचललेत. तुम्हाला बदल नकोच आहे, म्हणून कारणं शोधताय.

जुनी_फाइल:
तोंड सांभाळून बोला. तुमच्याआधीपासून मॉडेलवर काम करतोय.

आरेखक:
भांडणं थांबवा आणि करार काढून वाचा. मॉडेल देताना त्यावर "फक्त माहितीसाठी" लिहितात आणि बंधनकारक असते ती सही केलेली पीडीएफ. मॉडेल आणि शीट जुळलं नाही तर शीट खरं. मग मॉडेलमध्ये इन्सुलेशन घालायला कोण वेळ घालवेल? ज्यावर आपली जबाबदारी नाही, ते काम अर्धवटच होतं.

साइटवाला:
हे मात्र पटलं. बरं, तुळई, खिडकीचं तुमचं म्हणणंही मान्य करतो. शीट्स मॉडेलमधूनच काढा. पण मॉडेलवर सही करायची तयारी दाखवा, इन्सुलेशन आणि व्हॉल्व्हच्या जागेसकट. तोवर माझ्या फिटरच्या हातात सहीचा कागदच राहील.

तुळई:
सही करू. पण मग साइटवर परस्पर केलेले बदल त्याच आठवड्यात आम्हाला कळवायचे. मिस्त्रीच्या वहीत ठेवायचे नाहीत.

जुनी_फाइल:
आणि हस्तांतराच्या वेळी मालकाला कुठली फाइल देणार, ते अजून कुणीच सांगितलं नाही.